सुगंधाबाईची पिवळी ओळ

पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या नटाला संवाद पाठ करायला कोणी सांगत नाही, आणि सांगितलंच तर तो ऐकत नाही. दिवाळी झाली की रोज नवं गाव. आज एका कंपनीत सासरा, उद्या दुसरीत दरोडेखोर. माणसानं पाठ तरी काय काय करावं? म्हणून विंगेत प्रॉम्प्टर बसतो. तो वाक्य हळू आवाजात सांगतो आणि नट तेच वाक्य गाव हलेल अशा आवाजात म्हणतो. रडणं, थरथरणं, छाती बडवणं नटाचं. शब्द तेवढे विंगेतले.

वडश्याचे गुणवंतराव या कलेत सगळ्यांच्या वरचढ. विंगेतला शब्द त्यांच्या कानात शिरला की थेट तोंडातून बाहेर पडायचा, मध्ये डोक्याचं स्टेशन लागतच नसे. हे काही नावं ठेवणं नव्हे. त्या तोंडातून शब्द पडला की बायाच काय, मिशीवाले पाटीलही उपरण्यानं डोळे पुसायचे. कंपनी त्यांची होती आणि प्रत्येक नाटकात मुख्य म्हाताऱ्याचं कामही त्यांचंच असे.

आणि त्यांच्या कानात शब्द घालणारी होती सुगंधाबाई. एकेकाळची नायिका, मग आई, मग खाष्ट सासू, आणि केस पिकले तशी ती विंगेत येऊन बसली ती बसलीच. नाटक कोणतंही असो, वही तिच्या मांडीवर. पण गेल्या वर्षी घात झाला. कुरखेड्याकडच्या एका गावात मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेचं, नाटक रंगात आलं असताना सुगंधाबाईनं दोन पानं एकदम उलटली. सूनबाई लग्नाआधीच बाळंत झाली आणि गुणवंतरावांनी भरल्या आवाजात पेढे वाटायला सांगितले. लोक इतके हसले की पुढचा दुःखाचा अंक कोणी ऐकलाच नाही.

दोष पानांचा नव्हता, डोळ्यांचा होता. एका डोळ्यातला मोतीबिंदू काढून झाला होता, दुसऱ्याचं ऑपरेशन येत्या उन्हाळ्यात करायचं होतं. तेवढा एक सिझन निभावला की झालं. पण गुणवंतरावांनी ब्रह्मपुरीच्या एका तरुण प्रॉम्प्टरशी बोलणी लावली. हे त्यांनी सुगंधाबाईला सांगितलं नाही, कारण बाईंसमोर बोलायचं तर शब्द कोण सुचवणार? त्यांनी नईमभाईंना सांगितलं, नईमभाईंनी घरी सांगितलं, आणि घरी त्यांची मुलगी सायमा होती.

नईमभाई कंपन्यांना ड्रेपरी पुरवायचे. पाटलाचे फेटे, राणीच्या साड्या, फौजदाराचे गणवेश त्यांच्या मशीनवर शिवले जात, आणि मिशा-दाढ्या पत्र्याच्या डब्यात रांगेनं ठेवलेल्या असत. लहानपणी सायमा अब्बांसोबत नाटकाला जायची ती सुगंधाबाईच्या शेजारी टॉर्च धरून बसायला. सुगंधाबाईचं बोट ओळीखालून सरकायचं, सायमाचे डोळे त्या बोटामागून सरकायचे. ती वाचायला शिकली ती अशी. शाळेत मराठीत पहिली आली तेव्हा सुगंधाबाईनं विचारलं होतं, "तुमच्या त्या पुस्तकात रडारड आहे का नाई? नाई? मग कायचं पुस्तक ते." ही बाई विंगेतून उठणार, हे सायमाच्या घशाखाली उतरेना.

सायमा चंद्रपूरहून कॉम्प्युटरची पदवी घेऊन नुकतीच घरी आली होती आणि नोकरीच्या उत्तराची वाट बघत होती. तिनं ठरवलं, वहीच मोबाइलमध्ये घालायची. अक्षरं हरभऱ्याएवढी नकोत, बोराएवढी करायची. चालू ओळीवर पिवळा रंग टाकायचा, आणि आवाजाचं बटण दाबलं की पिवळा पुढच्या ओळीवर जायचा. पान उलटायचं कामच नाही.

तिनं गुणवंतरावांना गाठलं. "भाऊ, बाईची वही मोबाइलमध्ये टाकते. मग चूक होणार नाई."

गुणवंतरावांनी दाढी खाजवली. "दिवाळीच्या आधी गेल्या सालच्या त्याच गावची कमिटी बुकिंगले येऊन राह्यली. त्याइले एक अंक करून दाखवाचा आहे. त्यात एकही चूक नाई झाली तं सुगंधाबाई. झाली तं तो ब्रह्मपुरीवाला. मंग मले बोलाचं नाई."

सायमानं कबूल केलं. अंगात नवी पदवी असली की माणूस काहीही कबूल करतो.

ॲप लिहून झालं तेव्हा तिनं ते मशीनवर बसलेल्या अब्बांना दाखवलं. चाचणीसाठी सहा संवाद टाकले होते. बटण दाबलं, पिवळा दुसऱ्यावर. दाबलं, तिसऱ्यावर. नईमभाईंनी सुई थांबवून बघितलं आणि म्हणाले, "माशाल्ला. ये तो फेटा बांधने से भी आसान है." सायमा त्या रात्री शहाण्या माणसासारखी झोपली.

तालीम राइस मिलच्या रिकाम्या गोदामात होती. नाटक होतं 'सुनेने लावला निकाल'. बाहेर शेतांत धान लोंबीवर आलेलं, आत भुशाचा वास, आणि बारदानाच्या पडद्यामागे स्टुलावर सुगंधाबाई मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून बसलेली. सुरुवात झोकात झाली. पिवळी ओळ दिसायची, सुगंधाबाई सांगायची, गुणवंतराव गर्जायचे. आठ संवाद झाले. नवव्याला सुगंधाबाईनं बटण दाबलं आणि ॲप बंद पडलं. मोबाइलवर राहिलं ते सायमाच्या मावसबहिणीच्या लग्नाचं चित्र.

सुगंधाबाईनं चित्राकडे निरखून बघितलं. "हे कोन होय? नाटकात कुठी येते हे?"

मंचावर गुणवंतराव हात उंचावून उभे होते. हात खाली आणायला विंगेतून काही आलं नव्हतं.

कारण शोधायला सायमाला फार वेळ लागला नाही. तिनं मोबाइलला सांगितलं होतं, "नववी ओळ दे, मी तिला पिवळी करते." पण पडद्यावर एका वेळी मावत होत्या आठच ओळी. मोबाइल कंजूष. संवाद शेकड्यांनी असले तरी ओळी तो दिसतील तेवढ्याच तयार करतो. नववी अजून जन्मालाच आली नव्हती. नसलेल्या पोरीला हळद लावायला निघालं की असंच व्हायचं. आणि घरी चाचणी सहा संवादांवर केलेली, त्यामुळे सगळ्या ओळी हजर होत्या आणि सायमा हुशार दिसत होती.

तिनं घाईघाईत औषध केलं. खाली जायचं झालं की यादी आधी सरकवायची, नववी ओळ दिसायला लागली की मग पिवळी करायची. दुसऱ्या दिवशी नवव्याला ॲप बंद पडलं नाही. दहावं, अकरावं, बारावं सुरळीत गेलं. सायमानं श्वास सोडला, तो थोडा लवकरच सोडला.

प्रसंग होता सुनेला घराबाहेर काढण्याचा. कंपनीतली नटी चंचल सून झाली होती, ती पदराआड हुंदके देत होती. सासऱ्यानं तिला सुनावायचं होतं, "या घराचे दरवाजे तुला बंद." सुगंधाबाईनं बटण दाबलं. पडद्यावर एक ओळ पिवळी झाली आणि चार ओळी खाली आणखी एक पिवळी दिसली. बाईंचा बरा डोळा खालच्या पिवळीवर पडला. तिनं सांगितलं ते गुणवंतरावांनी आभाळाकडे हात करून म्हटलं:

"बाबा, मला माहेरी पाठवू नका. माझ्या पोटात तुमचा वंश वाढतो आहे."

चंचलचे हुंदके बदलले. फौजदार झालेला अजय भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सुगंधाबाईनं गोंधळून शेजारी बसलेल्या सायमाला विचारलं, "अगं साये, हे पिवळं दोन दोन ठिकानी काऊन दिसून राह्यलं?"

आणि गुणवंतरावांनी छाती बडवून, कंठ दाटून, गोदामाच्या पत्र्यापर्यंत आवाज नेला, "अगं साये, हे पिवळं दोन दोन ठिकानी काऊन दिसून राह्यलं?"

यानंतर तो प्रसंग पुढे जाणं शक्यच नव्हतं. चंचल खाली बसून हसत होती. हमालही दारात जमले होते. गुणवंतरावांना आपण काय बोललो ते सगळ्यात शेवटी कळलं, आणि ते विंगेकडे आले तेव्हा त्यांच्या रागाला मात्र कोणाच्या प्रॉम्प्टिंगची गरज नव्हती.

"उद्या कमिटी येते, सायमा. मी त्या पोराले गाडीत बसाले सांगतो."

"उद्या दुपारपावतर थांबा, भाऊ," सायमा म्हणाली. तिचा आवाज तिलाच बारीक वाटला.

सुगंधाबाईनं काही विचारलं नाही. कोणता पोरगा, कशाला गाडी, काही नाही. तिनं मोबाइल पदरानं पुसला आणि सायमाच्या हातात दिला. तिला सगळं आधीपासून ठाऊक होतं, हे सायमाला तेव्हा कळलं, आणि तिला भयंकर वाईट वाटलं. आपण बाईंना वाचवायला निघालो आणि चार माणसांत त्यांचं हसं केलं.

ती पोत्यावर बसून राहिली. पुढे गुणवंतराव इतरांना घेऊन, आठवेल तसा, दुसरा प्रसंग बसवत होते. कंपनीत माणसं थोडी आणि पात्रं ढीगभर, म्हणून एकेकाच्या वाट्याला तीन-तीन कामं. अजय फौजदार म्हणून आत गेला आणि गणवेश काढून, धोतर नेसून वैद्यबुवा म्हणून बाहेर आला. नाडी बघायला वाकला तर नाकाखाली फौजदाराची झुपकेदार मिशी तशीच.

"अजय," गुणवंतराव ओरडले, "फौजदार आत गेला ना? मंग त्याची मिशी बाहेर काऊन आली?"

"भाऊ, वैद्याले मिशी लावाची का नाई ते कुठी लिहिलंच नाई. मंग मी लावली नाई, काढलीबी नाई."

सायमा पोत्यावरून उठली ती हसतच. तिच्या ओळी हेच करत होत्या. वरची ओळ पडद्याबाहेर गेली की मोबाइल तिला फेकून देत नाही. तिलाच नवा संवाद नेसवून खालून परत पाठवतो. माणसं आठ, पात्रं शेकडो. सायमानं ओळीला पिवळा रंग लावला होता, तो पडद्याबाहेर जाताना उतरवायला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून ती तोच पिवळा घेऊन दुसऱ्याचा संवाद म्हणायला येत होती. आणि मुळातली चूक त्याहून मोठी. 'चालू संवाद कोणता' हे ती ओळीच्या अंगावरच लिहून ठेवत होती, आणि ओळीचं अंग तर दर मिनिटाला नवं पात्र. ती खूण ठेवायची संवादांच्या मूळ यादीत. प्रत्येक ओळीनं बाहेर येताना तिथे बघायचं. आपला संवाद चालू असेल तर पिवळं व्हायचं, नसेल तर आठवणीनं पांढरं.

"अजय," जाताना ती म्हणाली, "तुह्या मिशीचे लई उपकार झाले."

अजयला वाटलं चेष्टा आहे, म्हणून त्यानं घाईनं मिशी उपटली आणि कळवळला.

संध्याकाळी अब्बांच्या मशीनशेजारी बसून सायमानं सगळं उसवलं आणि नव्यानं शिवलं. या खेपेला चाचणी सहा संवादांवर केली नाही. अख्खं नाटक टाकलं आणि वर-खाली, खाली-वर, मधूनच उडी मारून बघितलं. पिवळी ओळ एकच, आणि जिथे हवी तिथेच. नईमभाईंनी तोंडातली सुई काढून विचारलं, "झालं?" ती म्हणाली, "उद्या सांगते." एवढी अक्कल तिला आता आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कमिटी आली. पुढे लटारूभाऊ, मंडईचे जुने पुढारी, मागे पाच-सहा माणसं. खुर्च्या मांडल्या, चहा झाला. लटारूभाऊंनी सरळच विचारलं, "औंदा लग्न आधी लागन का बाळंतपन?" सगळे हसले. गुणवंतरावही हसले, पण त्यांची नजर दाराकडे गेली. तिथे पाठीला बॅग अडकवलेला एक तरुण उभा होता. ब्रह्मपुरीचा पोरगा गाडीत बसून पोचलाही होता.

सायमा बारदानामागे सुगंधाबाईच्या पायाशी बसली, लहानपणी बसायची तशी. बाईंनी बटणावर अंगठा ठेवला. "पिवळं एकच दिसन ना, माय?"

"एकच दिसन, बाई."

अंक सुरू झाला. सायमानं नवव्या संवादाला डोळे मिटले आणि दहाव्याला उघडले. ॲप चालू होतं. बाराव्यालाही पिवळी एकच. सुनेला घराबाहेर काढायचा प्रसंग आला; गुणवंतरावांनी दरवाजे बंद केले, पोटातला वंश चंचलच्याच पोटात राहिला, आणि लटारूभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. वैद्यबुवा आले ते गुळगुळीत ओठांनी. हळूहळू कोणी हसेनासं झालं. सुगंधाबाईचा आवाज न अडखळता वाहत होता, त्यावर गुणवंतराव पोहत होते, आणि सायमाला वाटलं की हे असं कायम चालावं.

शेवटचा प्रसंग. सून निर्दोष ठरली आहे आणि म्हातारा पाटील भरल्या घरात तिच्यापुढे मान झुकवतो. सायमाला पडद्यावरची पिवळी ओळ दिसत होती, "सूनबाई, या घराच्या किल्ल्या आजपासून तुझ्या." सुगंधाबाईनं ती सांगितली, गुणवंतरावांनी थरथरत्या हातानं किल्ल्या दिल्या. बाहेर कोणीतरी नाक ओढलं. पुढची ओळ होती, "चल, देवाला दिवा लाव."

सुगंधाबाई म्हणाली, "आणि चार माणसांदेखत..."

"आणि चार माणसांदेखत," गुणवंतराव गर्जले.

ही ओळ कुठून आली? तिनं मान उंचावून पडदा बघितला. पिवळी एकच होती, बरोबर जागी होती, आणि तीत देव होता, दिवा होता, चार माणसं नव्हती.

"हा म्हातारा शब्द देतो..."

"हा म्हातारा शब्द देतो."

"की यंदाच्या सिझनभर..."

"की यंदाच्या सिझनभर," गुणवंतरावांनी छातीवर हात ठेवला.

सायमानं वर बघितलं. सुगंधाबाई मोबाइलकडे बघतच नव्हती. तो तिच्या मांडीवर पडला होता. तिचे दोन्ही डोळे, एक बरा आणि एक धूसर, बारदानाच्या फटीतून गुणवंतरावांवर लागले होते. ही ओळ मोबाइलमध्ये नव्हती, वहीत नव्हती, कुठल्या नाटकातच नव्हती.

"विंगेत सुगंधाबाईच बसन," बाई म्हणाली.

"विंगेत सुगंधाबाईच बसन," गुणवंतरावांनी पत्र्यापर्यंत आवाज नेला, आणि मग ते ऐकलं.

गुणवंतराव हात छातीवर ठेवून तसेच उभे होते. लटारूभाऊंनी खुर्चीतून मान पुढे केली. "वा," ते आपल्या माणसांना म्हणाले, "शब्द दिला बरं का त्यानं. आपन सगळ्याइनं आयकला."

गुणवंतराव ओठ न हलवता विंगेकडे पुटपुटले, "पुढं, बाई."

विंगेतून काही आलं नाही.

"पुढचं सांगा ना."

सुगंधाबाई गप्प बसली. पिवळी ओळ मांडीवर उजळत होती, बोराएवढ्या अक्षरांत, आणि सायमाला ती लख्ख वाचता येत होती. सायमानं नुसतं 'देव' म्हटलं असतं तरी गुणवंतराव सुटले असते. दारातला ब्रह्मपुरीचा पोरगा टाचा उंचावून बघत होता. त्याच्याजवळ ना ही वही होती ना हा मोबाइल. सायमानं ओठ घट्ट मिटून घेतले.

गुणवंतरावांनी कमिटीकडे बघितलं, दाराकडे बघितलं, मग बारदानाकडे. घाम कपाळावरून पाटलाच्या मिशीत उतरला. आणि पुढचं वाक्य त्यांनी कोणी न सांगता, साध्या घरच्या आवाजात म्हटलं.

"दिला म्हणतो ना शब्द, सुगंधाबाई. उन्हाळ्यात डोळाही दाखवून आणतो. आता मले एकट्याले इथी उभं नोका ठेवू."

सुगंधाबाईनं पदर तोंडावरून फिरवला. मोबाइल उचलून हातभर लांब धरला, बऱ्या डोळ्यानं पिवळं शोधलं आणि सांगितलं, "चल, देवाला दिवा लाव."

"चल, देवाला दिवा लाव," गुणवंतराव गर्जले, आणि बाहेर टाळ्या सुरू झाल्या.